७०० डॉलर की ११,००० डॉलर? एका डावखुऱ्या बेसची किंमत

या भागाचं रेकॉर्डिंग जरा लांबलं, आणि मध्ये दोनदा मी बेस वाजवून दाखवलाय, तो काही लिहून दाखवता येत नाही. बाकी बोलणं थोडं साफसूफ करून खाली देतोय. ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही त्यांच्यासाठी.

तर गोष्ट अशी. मार्चमध्ये माझ्या टीममधल्या एकीने मला चॅटवर विचारलं, "तू डाव्या हाताने बेस वाजवतोस ना?" तिने आमच्या इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवातले माझे फोटो पाहिले होते. (शिकागोच्या पट्ट्यात मराठी ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा माणूस सापडत नाही, त्यामुळे माझा भाव जरा वधारलेला असतो. असो.) तिचे वडील गेल्या वर्षी वारले. तेही डावखुरे, तेही बेस वाजवायचे. घरात त्यांचा एक बेस होता: गिब्सन थंडरबर्डची कॉपी, एका कारागिराकडून खास डाव्या हातासाठी बनवून घेतलेली. गावातल्या दुकानाने तिला सांगितलं, "नाव नाही, त्यात डावखुरा, ७०० डॉलर देतो." तिच्या भावाने इंटरनेटवर १९६४ च्या थंडरबर्डची ११,००० ची जाहिरात पाहिली होती. आणि भावंडांत आता यावरून बोलाचाली सुरू झाली होती. भावाचं म्हणणं, तू बाबांची वस्तू फुंकून टाकतेयस.

"तू सांग, खरी किंमत काय," ती म्हणाली. आणि पुढच्याच ओळीत, "तुला हवा असेल तर तूच घे."

आता गोची बघा. मला तो हवा होता. फोटो पाहिल्याच्या क्षणी हवा होता. म्हणजे किंमत ठरवणारा मी आणि घेणाराही मीच. मी "हजार" म्हटलं असतं तरी तिने खुशीत दिला असता. म्हणून ठरवलं, सगळा हिशेब उघडा करायचा, तिला आणि तिच्या भावाला प्रत्येक पायरी तपासता येईल असा. आजचा भाग म्हणजे तो हिशेब.

आधी थंडरबर्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण किंमतीचा अर्धा घोळ तिथेच आहे.

गिब्सनने तो १९६३ मध्ये काढला, मिशिगन राज्यातल्या कॅलामाझूच्या कारखान्यात. तोवर गिब्सनचे बेस आखूड असायचे, वाजणाऱ्या तारेची लांबी साडेतीस इंच. फेंडर मात्र १९५१ पासून ३४ इंची बेस विकत होतं आणि बाजार त्यांच्या ताब्यात होता. मग गिब्सनने रे डीट्रिख या मोटारींच्या बॉड्या डिझाइन करणाऱ्या माणसाला गाठलं. तो निवृत्त होऊन कॅलामाझूतच राहत होता. त्याने फायरबर्ड ही गिटार आणि थंडरबर्ड हा बेस अशी जोडी काढून दिली. गिब्सनचा हा पहिला ३४ इंची बेस. नेक वेगळी जोडलेली नाही. एकच लांब पट्टी हेडस्टॉकपासून खालच्या टोकापर्यंत सलग जाते आणि दोन्ही बाजूंना पंखांसारखे लाकडाचे तुकडे चिकटवलेले. एक पिकअप असेल तर थंडरबर्ड टू, दोन असतील तर थंडरबर्ड फोर.

आणि आकार उलटा. साधारण इलेक्ट्रिक बेसचं वरचं शिंग, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडचं, लांब असतं आणि खालचं आखूड. थंडरबर्डचं नेमकं विरुद्ध: लांब शिंग खाली. म्हणून याला 'रिव्हर्स' म्हणतात. दिसायला झकास, गळ्यात घालायला त्रासदायक. वरचं शिंग आखूड असल्यामुळे पट्टा लांबवर अडकवता येत नाही, आणि हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९६५ मध्येच गिब्सनने हा आकार सोडला. खर्च जास्त होता, आणि फेंडरने आकाराच्या साधर्म्यावर हरकत घेतली होती असंही सांगतात. त्यानंतर आला 'नॉन-रिव्हर्स', चिकटवलेल्या नेकचा, तो १९६९ पर्यंत चालला. म्हणजे मूळ रिव्हर्स थंडरबर्ड दोन-अडीच वर्षंच बनला. पुढे सत्तरच्या दशकात द हूच्या जॉन एन्टव्हिसलने आणि विशबोन अ‍ॅशच्या मार्टिन टर्नरने तो वाजवला, लोकांना हवासा झाला, आणि १९७६ मध्ये गिब्सनला तो परत काढावा लागला. पण संग्राहकांच्या लेखी खरा तो पहिलाच. त्यातही डावखुरा? मी इतकी वर्षं जाहिराती चाळतोय, एकही विक्रीला आलेला पाहिलेला नाही.

तर भावाचा युक्तिवाद असा होता: मूळ ११,००० ला आहे, मूळ डावखुरा तर मिळतच नाही, म्हणजे आपला डावखुरा आणखी दुर्मिळ, म्हणजे निदान पाच हजार तरी. ऐकायला बरोबर वाटतं ना? पहिल्यांदा मलाही क्षणभर वाटलं.

पण त्या ११,००० मध्ये लाकूड आणि तारांचे पैसे किती? फार थोडे. बाकी सगळे १९६४ या सालाचे आहेत. ते साल आता कुणी बनवू शकत नाही. कॉपी मात्र उद्या परत बनवता येते, पैसे आणि धीर असला की झालं. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर मूळ वस्तू म्हणजे सगळी कमिट हिस्टरी आणि कॉपी म्हणजे नुसती शेवटची फाईल. फाईल तंतोतंत असेल, चालेलही तशीच, पण हिस्टरीसाठी पैसे देणारा गिऱ्हाईक वेगळा असतो आणि तो तुमच्याकडे येणार नाही. त्यामुळे कॉपीच्या किंमतीला एक छत असतं: तसाच दुसरा नवा बनवून घ्यायला आज किती लागतील. त्याच्या वर शहाणा माणूस जाणार नाही. मूळची किंमत दुप्पट झाली तरी हे छत हलत नाही.

छत मोजणं सोपं होतं. वडिलांनी सगळे कागद जपून ठेवले होते. २०१२ चं बिल, ३,६०० डॉलर. तो कारागीर आता काम करत नाही, म्हणून मी तशाच कामाच्या दुसऱ्या एकाला तेच माप, तीच लाकडं लिहून पाठवली. उत्तर आलं: ४,४०० डॉलर आणि सोळा महिने थांबा.

त्याच्या उत्तरात एक ओळ होती, 'डावखुऱ्यासाठी जादा: १५० डॉलर'. इथे जरा थांबतो, कारण डाव्या हाताचे पैसे किती हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. (आजी प्रसाद उजव्या हातावर ठेवायची आणि मी डावा पुढे केला की फटका. फुकट तेवढा तोच मिळाला, बाकी डाव्या हाताच्या प्रत्येक गोष्टीला जादा पैसे.)

मोठा कारखाना डावखुऱ्याचे जास्त पैसे घेतो किंवा बनवतच नाही, ते समजण्यासारखं आहे. दहा माणसांत एक डावखुरा, त्यातले बरेच जण उजव्या हातानेच वाजवायला शिकतात. उरलेल्या मूठभरांसाठी वेगळी लाइन लावायची, वेगळा माल साठवायचा. परवडत नाही. पण एकेक बेस हाताने बनवणाऱ्याकडे तशीही प्रत्येक वस्तू वेगळीच असते. त्याचा साचा म्हणजे प्लायवूडचा कापलेला आकार. तो पालथा केला की डावखुरा साचा तयार. फुकट.

मग १५० कशाचे? मला वाटलं होतं उगाच लावलेत. पण त्याने समजावून सांगितलं ते मस्त होतं. राउटरचं पातं एकाच दिशेने फिरतं. साचा उलटला तरी पातं उलटं फिरत नाही. त्यामुळे उजव्या बेसवर ज्या वळणाला पातं लाकडाच्या रेषेबरोबर जायचं, त्याच वळणाला डाव्या बेसवर ते रेषेच्या विरुद्ध जातं आणि चिरफळ्या उडतात. मग हळू जायचं, थोडं थोडं खायचं, कधी तुकडा गेला तर परत नवा घ्यायचा. सीएनसी मशीनवरही तेच. आपल्याला वाटतं एक्सच्या सगळ्या आकड्यांना उणे लावलं की झालं. कोड आरशात बघितल्यासारखा उलटतो, पण पात्याची फिरण्याची दिशा तीच राहते, त्यामुळे कापण्याची जातच बदलते. मी इतकी वर्षं कोड लिहितो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाकी सुट्या भागांचं म्हणाल तर: चारही खुंट्या एका ओळीत असल्याने त्यांचा डावा संच लागतो, तो मिळतो. पिकअप सरळ धातूच्या झाकणाचे, वर खिळे नाहीत, त्यामुळे त्यांना डावं-उजवं नाही. ब्रिजच्या खाचा फिरवून घासायच्या. फ्रेटबोर्डच्या कडेचे ठिपके दुसऱ्या कडेला. किरकोळ. तेव्हा एकट्या बनवणाऱ्याकडे डाव्या हाताची किंमत शे-दोनशे डॉलर, त्याहून जास्त नाही. कुणी डावखुरा आहे म्हणून हजार जादा मागत असेल तर ते कष्टाचे नाहीत, तुमच्या अडचणीचे आहेत.

छत झालं. आता तळ. बेस कुणालाच नको असेल तर मोडून किती येतील? पिकअपची जोडी, खुंट्या, ब्रिज, कडक पेटी, सगळं जुन्या बाजारात विकून माझ्या हिशेबात ५५० ते ६०० डॉलर. म्हणजे दुकानाचे ७०० हे जवळजवळ भंगाराच्या भावाचे होते. तिला याचा राग आला. मला दुकानदाराचा तितका आला नाही. त्याच्या बाजूने बघा: भिंतीवरची एक जागा, तिच्यावर हा बेस अडकवायचा, आणि आत येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जण तो हातातही घेऊ शकत नाहीत. वर्ष जाईल, दोन जातील. त्यात हेडस्टॉकवर नाव कोरं. तो बेसची किंमत करतच नव्हता, भिंतीच्या जागेचं भाडं कापत होता. फक्त ते त्याने तिला सांगायला हवं होतं.

नाव कोरं होतं ही मात्र जमेची बाजू. कॉपीवर 'गिब्सन' लिहिलेलं असेल तर ती कॉपी राहत नाही, बनावट वस्तू होते. प्रामाणिकपणे पुढे विकताच येत नाही. आणि गिब्सन नुसत्या आकारावरूनही कोर्टात जातं, २०१९ मध्ये डीन गिटार्सच्या मालक कंपनीवर त्यांनी टेक्सासात दावा लावला होता. त्यामुळे नाव नसलेला, बिल असलेला, कुणी कधी बनवला ते कागदावर असलेला बेस हा माझ्या दृष्टीने खरा सौदा.

छत ४,४००, तळ ६००. मधल्या एवढ्या मोकळ्या रानात बेस कुठे उभा आहे?

इथे एकच नियम पाळायचा: मागितलेली किंमत बघायची नाही, विकलेली बघायची. जाहिरातीत ११,००० लिहायला पैसे पडत नाहीत. ती जाहिरात किती महिने तशीच पडून आहे ते बघा. विक्रीच्या बऱ्याच साइटवर 'विकलेले' असा गाळणा असतो. तो लावला की डोकं ताळ्यावर येतं. डावखुऱ्या थंडरबर्ड-कॉप्या तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि त्यातही प्रत्येकीची भानगड वेगळी. तेवढ्यावर सरासरी काढणं म्हणजे स्वतःला फसवणं. म्हणून मी प्रश्न बदलला. छोट्या कारागिरांनी बनवलेले, नावाचा गाजावाजा नसलेले बेस, उजवे का असेनात, नव्याच्या किती भागाला विकले जातात? मी पाहिलेले बहुतेक अर्धा ते दोन तृतीयांश यांच्या मध्ये बसले. ऑर्डर देऊन बनवलेल्या वस्तूचं हे असंच असतं. शिवून घेतलेला कोट दुसऱ्याला विकायला गेलं की शिलाईचे पैसे बुडतात. नेकची जाडी तुमच्या हाताची, रंग तुमच्या आवडीचा. घेणाऱ्याला त्याचं काय?

४,४०० चा अर्धा २,२००, दोन तृतीयांश म्हणजे २,९०० च्या आसपास. आता डावखुरा म्हणून यातून कापायचं की यात घालायचं? मी दोन्ही केलं नाही. घेणारे कमी असतात तसे विकणारेही कमी असतात. त्यामुळे किंमत खाली जात नाही, वरही जात नाही. फक्त दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. डावखुऱ्या वस्तूत किंमतीपेक्षा वेळ हा मोठा खर्च आहे, आणि हेच भाऊ आणि दुकानदार दोघांच्याही नजरेतून सुटत होतं.

एक पर्याय मात्र मांडायलाच हवा होता, कारण कुठलाही शहाणा गिऱ्हाईक तो विचार करणार. उजव्या हाताचा साधा एपिफोन थंडरबर्ड घ्यायचा आणि उलटा करून वाजवायचा. नट बदला, ब्रिज जुळवा, पट्ट्याचा खिळा हलवा. आणि गंमत बघा! आकार मुळातच उलटा असल्यामुळे, तो उलटा धरला की लांब शिंग वर येतं. म्हणजे जे साध्या बेसचं असतं तेच. तोल सुधारतो, वरच्या फ्रेटपर्यंत हातही चांगला पोचतो. तोट्यात एवढंच की नॉब वरच्या बाजूला येतात आणि कोपराने फिरतात. थोडक्यात, डावखुऱ्यासाठी थंडरबर्डची तंतोतंत आरशातली कॉपी बनवणं म्हणजे पैसे मोजून नेक खाली पडण्याचा मूळ दोष विकत घेणं. व्यवहार म्हणून वेडेपणा आहे. तिचे वडील हे जाणून होते. कारागिराच्या पत्रात त्याने त्यांना हे सुचवलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं होतं. मलाही नकोच होतं. हौसेला मोल नाही म्हणतात, माझ्या स्प्रेडशीटमध्ये मात्र त्याचा एक कॉलम होता. त्याच्याकडे येतोच.

एप्रिलमध्ये एका शनिवारी गाडी काढली. अडीच तास, वर मिशिगनमध्ये शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं ते वेगळंच. घर कॅलामाझूच्या अलीकडे. येताना मुद्दाम पार्सन्स स्ट्रीटवरून आलो. गिब्सन १९८४ मध्ये तिथून नॅशव्हिलला गेलं, पण मागे राहिलेल्या कामगारांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. जुनी चिमणी अजून उभी आहे.

बेस हातात घेतल्यावर पहिलं काय बघायचं? आवाज नाही. नटच्या मागची जागा. थंडरबर्डचं हेडस्टॉक मोठं, मागे कललेलं, आणि बरोबर तिथेच नेक सर्वांत बारीक. स्टँडवरून पडला की मोडतो तो तिथेच. हा आजार इतका प्रसिद्ध आहे की जुन्या थंडरबर्डवर तिथला जोड दिसला नाही तर लोक आश्चर्य करतात. मी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला आणि पोटात गोळा आला: रंगाखाली एक बारीक रेष.

मोडून चिकटवलेला असता तर मी किंमतीतून सरळ एक तृतीयांश उडवली असती. पण रेष नीट बघायची असते. तडा लाकडाच्या रेषेबरोबर वेडावाकडा पळतो, नखाला लागतो, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळा दिसतो. ही रेष पट्टीने मारल्यासारखी सरळ होती आणि दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर. म्हणजे तडा नाही, तिरका सांधा. चांगले कारागीर हेडस्टॉक वेगळ्या तुकड्यातून तिरका कापून मुद्दाम जोडतात, जेणेकरून लाकडाची रेष हेडस्टॉकच्या दिशेने जावी आणि ते मोडू नये. बिल उघडून पाहिलं तर तिथे तो सांधा लिहिलेला होता. मूळ बेसचा आजार या कॉपीत बरा केलेला! मूळपेक्षा कॉपी मजबूत. पण याचे जादा पैसे बाजार देत नाही, उलट फोटोत ती रेष पाहून एखादा घाबरून पळेल. म्हणून मी तिला सांगितलं, जाहिरात दिलीस तर बिलाचा तो भाग फोटोत टाक.

दोष दोन सापडले. पहिल्या काही फ्रेटवर तारेने खड्डे पडलेले. घासून समपातळी करायला २०० डॉलर. आणि आवाजाचा नॉब विचित्र. आवाज कमी करताना जवळजवळ पूर्ण फेरीत काहीच होत नाही आणि शेवटच्या टोकाला एकदम सगळा आवाज जातो. कारण डावखुऱ्यांना ओळखीचं असेल: कारागिराने उजवे पॉट आणून तारा उलट जोडल्या होत्या. आवाजाच्या पॉटचा रोध सरळ रेषेत बदलत नाही, कानाच्या हिशेबाने वळणावळणाने बदलतो, आणि ते वळण एकाच दिशेला असतं. उलटं जोडलं की वळण चुकीच्या टोकाला जातं. डाव्या हाताचे उलट वळणाचे पॉट मिळतात. बसवून ५० डॉलर. म्हणजे एकूण वजा २५०.

उरला फ्रेटबोर्ड. बिलात लिहिलं होतं 'जुन्या साठ्यातलं ब्राझिलियन रोझवूड'. भावाने यावर बोट ठेवलं, हे तर सोन्यासारखं! खरं आहे, काही लोक या नावाला जादा पैसे देतात. पण दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, साइटीस, त्यात हे झाड १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. अमेरिकेत घरी वाजवायला हरकत नाही, पण देशाबाहेर न्यायचा तर परवाने. माझ्यासारख्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला हे महाग पडू शकतं. उद्या पुण्याला परत जायची वेळ आली तर कपड्यांच्या बॅगेबरोबर हा बेस सहज उचलता येणार नाही. आपलं शिसव असतं तर ही कटकट नव्हती. २०१७ पासून शिसवाची सगळी जातकुळीच यादीत आली होती, पण २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियनला नाही. कुणाला अधिक, कुणाला उणे, म्हणून मी शीटमध्ये शून्य लिहिलं आणि शेजारी कारण लिहिलं.

२,२०० ते २,९०० चा मध्य २,५५०. त्यातून दुरुस्ती २५०. बाजारभाव २,३०० डॉलर.

शीटमध्ये खाली मी आणखी दोन ओळी टाकल्या. पहिली: 'हा आकडा घेणाऱ्याने काढलेला आहे, त्यामुळे खाली झुकलेला असू शकतो. दोन तृतीयांश धरायचं की अर्धा, हे मी ठरवलंय. तिथे शंका घ्या.' दुसरी: 'मला विकायची घाई करू नका. महिनाभर जाहिरात देऊन बघा.' पाठवण्याआधी दुसरी ओळ मी एकदा खोडली होती, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांनी परत लिहिली.

त्यांनी जाहिरात दिली. भावाच्या आग्रहाने ५,००० ला. तीन आठवड्यांत दोनच चौकशा, आणि दोन्ही "उजव्या हाताचा आहे का?" मग २,९०० केली. एक जण २,१०० म्हणाला. एकाला जर्मनीत हवा होता. त्याला फ्रेटबोर्डचं कळल्यावर तो गप्प झाला. जूनमध्ये तिचा मेसेज आला, "तुझा आकडा अजून आहे का?"

आता तो हौसेचा कॉलम. बाजारात २,३०० असला तरी माझ्यासाठी तो किती? मी स्वतःला विचारलं होतं: हा गेला आणि मला ४,४०० देऊन सोळा महिने थांबावं लागलं, तर मी थांबेन का? नाही थांबणार. २,८०० ला घेईन का? घेईन, थोडा कण्हत. म्हणजे माझी हौस २,३०० च्या वर पाचशेची. ती पूर्ण त्यांना द्यायची की पूर्ण मी खिशात ठेवायची? शिवाय मला विकल्यामुळे साइटचं कमिशन आणि पाठवण्याचा खर्च वाचत होता. मी २,५०० म्हटलं. भावाने शीट उघडून तो कॉलम शोधला आणि फोनवर हसला. त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच. २,५०० ठरले.

पॉट बदलून झालेत, फ्रेट घासून झालेत. सप्टेंबरमध्ये मंडळात वाजवणार आहे. पट्टा रुंद, आतून खरबरीत चामड्याचा घेतलाय, कारण नेक अजूनही खाली जातेच.

(इथे मी दुसऱ्यांदा वाजवून दाखवलंय.)

एक सांगायचं राहिलं. थंडरबर्डच्या पांढऱ्या पिकगार्डवर पक्ष्याचं चित्र असतं. सगळा बेस आरशातला, तर पक्षीही उलटा हवा ना? माझ्याकडच्या बेसवर तो सरळच आहे, मूळ उजव्या बेसवर असतो तसाच. मला वाटलं कारागीर विसरला. मग बिलाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, तिच्या वडिलांच्या अक्षरात: 'पक्षी उलटवू नये.' का, ते तिलाही माहीत नाही.